फोन उघडला हवामानासाठी, आणि पाऊण तास कुठे गेला?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. वय ४३, बाग दोन एकर. हवामान, औषधांचे सल्ले, व्यापाऱ्यांचे दर, सगळे मोबाइलवरच येते, त्यामुळे फोन सोडता येत नाही. पण काम दोन मिनिटांचे असते आणि फोन पाऊण तास हातात राहतो. फोनच दाखवतो त्याप्रमाणे मी दिवसाला सरासरी ५ तास २० मिनिटे तो पाहतो आणि ११० वेळा उघडतो. टायमर लावून पाहिला. वेळ संपली की मीच आत जाऊन तो काढतो. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकले, चार दिवसांत पुन्हा घेतले. गेल्या हंगामात पावसाने बाग हातची गेली, तेव्हापासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि मग मी व्हिडिओ पाहत पडतो. शेतातल्या मोटारीला रात्रपाळीची लाईट असते म्हणून फोन उशाशी ठेवावाच लागतो. मुलगा आठवीत आहे, त्याला रागावलो की म्हणतो, "पप्पा, तुम्ही काय करताय?" वडील म्हणतात, मोहित्यांच्या वडगावात अख्खे गाव फोन बंद ठेवते, तुला एकट्याला जमत नाही. मला व्यसन लागले आहे का? खरोखर कुलूप लागेल असे एखादे ॲप सांगा, नाहीतर साधा बटणांचा फोन घेऊ का?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते मोबाइलविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात त्यातले एक वाक्य मनात अडकून राहिले. त्याकडे मी पुढे येणार आहे. आधी तुम्ही सरळ विचारले आहे, तर सरळ उत्तरे देते.

तुमच्या हातून निघणारच नाही असे कुलूप लावणारे ॲप मी तुम्हाला सुचवणार नाही, कारण फोन तुमचा, बोट तुमचे आणि किल्लीही तुमच्याच खिशात. असे कुलूप पाहुण्यांना दाखवण्यापुरतेच असते. बटणांचा फोनही घेऊ नका. ऑक्टोबर छाटणी झालेली असताना आभाळ भरून आले की तुम्हाला पावसाचा अंदाज पाहावाच लागेल, पानावरचा डाग सल्लागाराला फोटो काढून पाठवावा लागेल, औषध दुकानाचे पैसेही फोनवरूनच द्यावे लागतील, आणि आठ दिवसांत जुना फोन "फक्त कामापुरता" म्हणून परत हातात येईल. तसा तो परत आला की वर अपराधीपणाही येतो, आणि तो मोबाइलपेक्षा जास्त त्रास देतो.

राहिला व्यसनाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, मोबाइल पाहण्याच्या सवयीची स्वतंत्र आजार म्हणून नोंद नाही. याचा अर्थ तुमचा त्रास खोटा आहे असा नव्हे. पण "व्यसन" हा शब्द स्वतःला चिकटवून घेण्याची घाई करू नका, कारण तो एकदा चिकटला की माणसाला एक छुपी सवलतही मिळते : आता हे माझ्या हातात राहिले नाही, असे म्हणण्याची. तुमच्या पत्रावरून तरी बरेच काही अजून तुमच्या हातात आहे असे मला दिसते. फक्त तुम्ही ज्याला एक सवय समजता, त्या वेगवेगळ्या वेळच्या वेगवेगळ्या सवयी आहेत, आणि त्या सगळ्यांना एकच औषध मारून चालणार नाही. द्राक्षावरच्या भुरी रोगाचे औषध डाऊनी या दुसऱ्या रोगावर मारून काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

माझाच एक प्रसंग सांगते. मी सांगलीत नदीपासून फार लांब राहत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहणे हा आमच्या गल्लीचा नित्यनेमच असतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. एका जुलैत रात्री नऊ वाजता मी पातळी पाहण्यासाठी फोन उघडला. ज्या ग्रुपवर आकडा येतो तिथे आकड्याखाली पुराचा एक व्हिडिओ होता, तो पाहिला. त्याखाली कोयनेच्या विसर्गाची बातमी होती, ती उघडली. तिच्याखाली कुणा अनोळखी बाईंची अळूच्या वड्यांची कृती होती. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारून विचारले, "किती झालं हो पाणी?" तेव्हा चाळीस मिनिटे उलटून गेली होती आणि मला पातळी सांगता आली नाही. जे पाहायला आत गेले होते, नेमके तेच मी विसरले होते.

तुमचा पाऊण तास याच जातीचा आहे. फोन उघडण्यात तुमची काही चूक नाही. काम खरे असते. चूक काम संपते त्या क्षणी होते, कारण त्या क्षणाला फोनमध्ये शेवट ठेवलेलाच नाही. वर्तमानपत्र संपते, बाजारातली ओळीतली दुकाने संपतात, अगदी कीर्तनही संपते. पण बोटाने वर सरकवत राहावे आणि खालून नवे येतच राहावे ही रचना मुद्दाम केलेली आहे. ती २००६ मध्ये तयार करणाऱ्या एझा रॅस्किन या अभियंत्याने पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. छोट्या व्हिडिओंनी त्यात भर घातली. आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी जुलैत रील्स व सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स भारतात सुरू झाले. यातला प्रत्येक व्हिडिओ चांगला नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे. कृष्णेच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस दुपार का घालवतो? दर वेळी मासा लागला असता तर तो पिशवी भरून तासाभरात घरी गेला असता, आणि कधीच लागला नसता तरी घरी गेला असता. कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणूनच तो बसून राहतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवले होते : दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचे थांबत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला ॲपचा नाही, तोंडाचा आहे. फोन उघडण्यापूर्वी काम मोठ्याने बोला. "उद्याचा पाऊस बघतो." "बेदाण्याचा दर बघतो." चारचौघांत असाल तर पुटपुटा. हे हास्यास्पद वाटेल, पहिले दोन दिवस घरचे हसतीलही. पण बोललेल्या कामाला शेवट असतो आणि न बोललेल्या कामाला नसतो. पाऊस पाहून झाल्यावर बोट पुढे सरकले तर तुमचेच वाक्य कानात वाजते. आणि ज्या वेळी बोलायला वाक्यच सापडत नाही, त्या वेळी फोन कशासाठी उचलला होता हेही आपोआप कळते.

त्यानंतर फोनमध्ये थोडी साफसफाई करा. हवामानाचे विजेट पहिल्याच पडद्यावर आणून ठेवा, म्हणजे अंदाज पाहण्यासाठी कुठल्याही ॲपच्या आत शिरावे लागणार नाही. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर शेतीसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी असा आठवड्यातून दोनदा येतो. तो त्या दोन दिवशी वाचावा. बाकी पावसाचा अंदाज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहिला तर पुरेसा आहे. मधल्या वेळेत पुन्हा पुन्हा पाहिल्याने ढग सरकत नाहीत. पाऊस अगदी दाराशी आलेला असेल त्या दिवसांची गोष्ट वेगळी, तेव्हा खुशाल दर तासाला पाहा, कारण तेव्हा ते कामच आहे.

यूट्यूब तुम्हाला छाटणीचे आणि फवारणीचे व्हिडिओ पाहण्यासाठी लागते, हे मी समजू शकते. त्याच्या सेटिंगमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका. तसे केल्यावर ॲप उघडले की पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ दिसतच नाहीत, पान जवळजवळ कोरे राहते आणि तुम्हाला हवा तो विषय स्वतः लिहून शोधावा लागतो. दुकानदाराने माल मांडून ठेवणे आणि आपण चिठ्ठी घेऊन दुकानात जाणे, एवढा तो फरक आहे. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होण्याची सोयही तिथेच बंद करता येते.

व्हॉट्सॲपचे ग्रुप किती आहेत ते तुम्ही लिहिले नाही, पण बागायतदाराच्या फोनमध्ये ते वीसपेक्षा कमी असतील असे मला वाटत नाही. द्राक्ष सल्लागाराचा एक, दराचा एक, भावकीचा एक आणि मुलाच्या शाळेचा एक, एवढ्यांचाच आवाज चालू ठेवा. बाकीचे सगळे "नेहमी"साठी म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. नवा संदेश आला तरी ते तिथेच पडून राहतात, वर उसळी मारत नाहीत. कुणाला वाईट वाटण्याचा प्रश्न नाही, कारण तुम्ही ग्रुप सोडलेला नाही. सुप्रभातच्या फुलांना संध्याकाळी नमस्कार केला तरी फुले रुसत नाहीत.

इन्स्टाग्राम तुम्ही दोनदा काढले आणि दोनदा परत घेतले. तिसऱ्यांदा काढू नका. त्याऐवजी ते ठेवा, पण त्याच्या दारात एक उंबरा बांधा. "वन सेक" नावाचे एक ॲप आहे. ते नेमून दिलेले ॲप उघडू लागताच पडदा अडवते, एक दीर्घ श्वास घ्यायला लावते आणि मग विचारते, खरोखर उघडायचे आहे का? या ॲपवर २८० जणांनिशी सहा आठवडे केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अडवल्यानंतर लोकांनी ३६ टक्के वेळा आल्या पावली परत जाणे पसंत केले आणि पुढे पुढे तर ते ॲप उघडायला जाण्याचे प्रमाणही घटले. ती मंडळी स्वतःहून सवय मोडायला निघालेली होती, हे ध्यानात घ्या. पण पत्र लिहिणारे तुम्हीही त्याच पंगतीतले आहात. तुमचा टायमर का फसला हेही यातून कळते. टायमर तासाभराने, म्हणजे मन पुरते गुंतल्यावर हात धरतो, आणि रंगात आलेल्या माणसाला उठवले की तो चिडतोच. उंबरा आत जाण्याआधी अडवतो, तेव्हा परत फिरणे सोपे असते.

आता तुमच्या ११० या आकड्याकडे पाहू. पहाटे पाच ते रात्री दहा असा तुमचा दिवस धरला तर दर सव्वानऊ मिनिटांनी एकदा तुमचा हात फोनकडे जातो. इतकी कामे कुणालाही नसतात. यातले बरेचसे उघडणे अर्ध्या मिनिटाचे असणार : उघडला, काही नाही, बंद केला. हा हात फोनकडे जात नाही, तो फक्त रिकामा झालेला असतो. आपल्याकडे तंबाखूची चंची बाळगणाऱ्या पिढीला हे पटकन कळेल. जरा कुठे थांबले की बोटे आपोआप चुन्याची डबी शोधत. ज्यांची तंबाखू सुटली त्यांच्यापैकी कित्येकांनी खिशात बडीशेप ठेवली होती, आणि ती चवीसाठी नव्हती, हाताला काम म्हणून होती.

तुमच्या दिवसातल्या रिकाम्या जागा शोधायला तुम्हाला वेळ लागणार नाही. फवारणीच्या ब्लोअरची टाकी भरत असते, तुम्ही ट्रॅक्टरला टेकून उभे असता, दहा मिनिटे करण्यासारखे काहीच नसते. एक हात औषध कालवलेला. तो पॅन्टला पुसायचा आणि त्याच हाताने फोन काढायचा, अंगठ्याने पडदा सरकवत राहायचा. हे दृश्य मी एका नातेवाइकांच्या बागेत डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याच संध्याकाळी तोच फोन त्यांच्या चार वर्षांच्या नातीच्या हातात, काही वेळाने तोंडात, पाहिला आहे. म्हणून ही एक गोष्ट मी सल्ला म्हणून सांगत नाही, आग्रहाने सांगते : फवारणी चालू असताना फोन अंगावर नको. तो डब्याच्या पिशवीत, बांधावर, शेडमध्ये, कुठेही ठेवा. महत्त्वाचा फोन आला तर रिंग ऐकू येते. टाकी भरेपर्यंत एका ओळीतली पाने उलटून खालची बाजू पाहा. सल्लागाराला फोटो पाठवण्याआधी डाग तुम्हालाच दिसेल.

बाकीच्या रिकाम्या जागांना मी फार महत्त्व देत नाही. एसटीची वाट पाहताना कुणी फोन पाहिला म्हणून काही बिघडत नाही. सगळाच वेळ कारणी लावला पाहिजे हा हट्टही एक प्रकारचा आजारच आहे.

फोनचा पडदा कृष्णधवल करण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. रंग गेले की व्हिडिओंची ओढ कमी होते, हा अनेकांचा अनुभव आहे आणि माझाही आहे. पण ती तुम्ही दिवसा वापरू नका. डाऊनीचा तेलकट पिवळा डाग करड्या पडद्यावर ओळखता येणार नाही आणि चुकीचे निदान पाऊण तासापेक्षा महाग पडेल. अँड्रॉइड फोनच्या "डिजिटल वेलबीइंग"मध्ये, जिथे तुम्ही तुमचे ५ तास २० मिनिटे पाहिले तिथेच, झोपेच्या वेळेसाठी बेडटाइम मोड आहे. त्यात रात्री साडेआठपासून पहाटेपर्यंत पडदा आपोआप करडा होईल असे लावून ठेवता येते. साडेआठनंतर पानाचे फोटो पाहून तसेही कुणी फवारायला निघत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. "गेल्या हंगामात पावसाने बाग हातची गेली, तेव्हापासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते." बाकीचे पत्र तुम्ही मोबाइलविषयी लिहिले आणि हे वाक्य मध्येच, जाता जाता लिहून टाकले. मला मात्र असे वाटते की रात्री दोनला तुम्हाला मोबाइल जागवत नाही. जाग आधी येते. मग डोक्यात सोसायटीचे कर्ज, दुकानाची उधारी, यंदाचा खर्च यांची बेरीज सुरू होते, आणि ती बेरीज थांबवण्यासाठी तुम्ही व्हिडिओ लावता. त्या वेळी फोन तुमचा शत्रू नसतो. तो गुंगीच्या गोळीसारखा असतो, जो दुखणे बरे करत नाही पण जाणवू देत नाही. अशा माणसाच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याजागी काहीच दिले नाही, तर तो अंधारात त्या बेरजेबरोबर एकटा उरतो. म्हणून रात्रीच्या फोनबद्दल मी तुम्हाला मुळीच रागावणार नाही, आणि तुम्हीही स्वतःला रागावू नका.

पण तो उशाशीही नको. रात्रपाळीच्या लाईटची तुमची अडचण खरी आहे. लाईट आली की मोटारीचा स्टार्टर आपोआप फोन करतो, तो आला तर कळले पाहिजे. फोन सोप्यात किंवा स्वयंपाकघरात, भरपूर आवाजावर, चार्जिंगला लावा. "डू नॉट डिस्टर्ब" चालू करून त्यात स्टार्टरचा नंबर, घरचे आणि शेजारचा वाटेकरी एवढ्यांनाच परवानगी द्या. मग रात्री वाजेल तो फोन कामाचाच असेल. पहाटेच्या गजरासाठी बाजारातून एक साधे गजराचे घड्याळ आणा. फोन दहा पावले लांब असला तर रात्री दोनला तो आणायला अंथरुणातून उठावे लागते, आणि तेवढ्यात माणूस कधी कधी परत झोपतो. जाग राहिलीच, तर कागद-पेन्सिल उशाशी असू द्या. डोक्यातले आकडे कागदावर उतरवा : कुणाचे किती, केव्हा द्यायचे. कागदावर उतरलेली रक्कम डोक्यातल्या रकमेपेक्षा लहान होत नाही, हे खरे. पण ती रात्रभर वाढत तरी राहत नाही. सकाळी तो कागद वहिनींना दाखवा. त्यांना सगळे आकडे माहीत आहेत असे मला तुमच्या पत्रावरून वाटले नाही.

आणि ही झोपमोड अशीच चालू राहिली असेल, जेवण जात नसेल, बागेत पाऊल टाकावेसे वाटत नसेल, किंवा मनात नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रात्री दोनलाही तिथे माणूस असतो. फोनचा त्या वेळचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

हे सगळे एकदम करू नका. फवारणीची नोंदवही तुम्ही ठेवत असालच. तिच्या शेवटच्या पानावर पहिला आठवडा फक्त खुणा करा. काम न बोलता फोन उघडला की एक रेघ, एवढेच. त्या आठवड्यात दुसरे काहीही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात ग्रुप आणि यूट्यूब, तिसऱ्यात उंबरा. उशाजवळचा फोन मात्र आज रात्रीच हलवा. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून हात टेकू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे पाहिले, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, असेही त्यांना दिसले. छाटणीनंतर ६६ व्या दिवशी घड काढायला बागेत कात्री घेऊन कुणी जात नाही. तुम्हाला थांबायची सवय आहे.

मुलाविषयी एकच सांगते. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हिशेबाचा आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आपणच त्याच्या हातात फोन देऊन "यात शाळा आहे" असे सांगितले होते, आणि तेव्हा तो नीट वाचायलाही शिकला नव्हता. त्याला उपदेश करण्याऐवजी नोंदवहीतल्या रेघा मोजायचे काम द्या. तुम्ही न बोलता फोन उचललात की रेघ त्याने मारायची. पोरे अशा कामात अजिबात सूट देत नाहीत. तुम्हाला हवे होते ते कुलूप तेच.

राहिले वडिलांचे बोलणे. मोहित्यांचे वडगाव तुमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात आहे आणि वडील सांगतात ते खरे आहे. २०२२ मध्ये त्या गावाने ग्रामसभेत ठरवले आणि तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. सुरुवातीला लोकांनी टिंगल केली, वॉर्डावॉर्डांत फिरून घरोघरी समजवावे लागले. ते जमले, कारण कुणालाही एकट्याने करायचे नव्हते. शेजारच्या घरातून आवाज येत नसेल तर आपल्या घरातला बंद ठेवणे सोपे जाते. म्हणून वडिलांनी गावाचे उदाहरण देऊन तुम्हाला एकट्याला नापास करणे मला पटत नाही. ते उदाहरण एकट्या माणसाचे नाहीच.

पण तुमच्या घरापुरता तो दीड तास अवश्य ठरवा. भोंगा नको, देवापुढे दिवा लागला की सुरू आणि जेवणाची ताटे मांडली की संपले. वडिलांना ही कल्पना आवडेल, ती त्यांचीच आहे. फक्त वडगावच्या नियमाचा उरलेला अर्धा भाग त्यांना तुम्ही आधीच सांगून ठेवा : तिथे सात ते साडेआठ मोबाइलबरोबर टीव्हीही बंद असतो, त्यांची सातची मालिका धरून.